भाषेच्या अडचणी : स्पॅनिशचा सब्जंक्टिव

प्रश्न : मी ऐरोलीत नोकरी करते. आमचे बरेचसे ग्राहक मेक्सिकोचे, त्यामुळे फोनवर दिवसभर स्पॅनिश. आता ‘देले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची बी-वन पातळी द्यायची आहे, पण प्रेझेंट सब्जंक्टिव या क्रियापदाच्या रूपापाशी घोडं अडलंय. ‘जिथे शंका तिथे सब्जंक्टिव’ असं शिकवलं होतं, ते प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. रूपंही लक्षात राहत नाहीत. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : सब्जंक्टिव तुम्ही रोज ऐकता. फोन ठेवताना तिकडची माणसं ‘के तेंगा ब्वेन दिया’ म्हणतात ना? त्यातलं ‘तेंगा’ सब्जंक्टिवच आहे. तुमचा दिवस चांगला जावो. दिवस चांगला जातोय की नाही, याची माहिती त्यात कुणी देत नाही, फक्त इच्छा बोलून दाखवतं. ‘बिबा मेहिको!’ या घोषणेतलं ‘बिबा’ही त्यातलंच.

शंकेचा नियम मात्र सोडून द्या. मी ठाण्यात नौपाड्यात स्पॅनिश शिकवते आणि माझ्याकडे येणारी निम्मी मुलं या एका नियमामुळे चुकतात. ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’ हे वाक्य बघा. तू इथे आहेस याचा मला आनंद वाटतो. माणूस डोळ्यांसमोर उभा आहे, मग शंका कसली? तरीही साध्या वर्तमानातलं ‘एस्तास’ नाही, ‘एस्तेस’च. कारण तो इथे आहे ही बातमी मी देत नाहीये, ती त्यालाही ठाऊक आहे. मी सांगतेय तो माझा आनंद. म्हणून ‘के’पाशी, म्हणजे आपल्या ‘की’पाशी, आलात की स्वतःला एवढंच विचारा : पुढची गोष्ट ‘अशी आहे’ असं मी ठामपणे सांगतेय का? सांगत असाल तर साधा वर्तमानकाळ. नुसती इच्छा, विनंती, आनंद, काळजी किंवा नकार असेल तर सब्जंक्टिव.

तुमच्या ट्रान्स-हार्बर लोकलवर हे लावून बघू. ‘क्रेओ के एल त्रेन ब्येने येनो’, म्हणजे गाडी भरून येतेय असं मला वाटतं. माझं मत मी मांडलं, साधा वर्तमान. ‘नो क्रेओ के एल त्रेन बेंगा येनो’, म्हणजे गाडी भरून येईल असं मला वाटत नाही. इथे मी ते विधान करायलाच नकार दिला, म्हणून ‘बेंगा’. मराठीत आपण अशा वेळी ‘येईल’ म्हणतो आणि मुलं नेमकी तिथेच फसतात. ‘यावं’, ‘जावो’ ही आपली रूपं इच्छेच्या वाक्यांत छान मदत करतात, नकाराच्या वाक्यांत त्यांच्यावर विसंबू नका.

कर्ता बदलला का, हेही पाहा. ‘क्येरो कोमेर मिसळ’, मला मिसळ खायची आहे. खाणारी मी, इच्छा माझी, म्हणून मूळ क्रियापद. ‘क्येरो के कोमास मिसळ’, तू मिसळ खावीस अशी माझी इच्छा आहे. खाणारा दुसरा झाला की ‘के’ आला आणि सब्जंक्टिवही आला.

‘क्वांदो’चं, म्हणजे ‘जेव्हा’चंही तसंच. ‘क्वांदो येगो आ कासा, सेनो’, घरी पोचले की जेवते, ही रोजची सवय. ‘क्वांदो येगेस आ ठाणे, यामामे’, ठाण्याला पोचलीस की फोन कर. पोचणं अजून व्हायचंय, म्हणून ‘येगेस’.

आता रूपं. तक्ते घोकू नका. ‘यो’चं, म्हणजे ‘मी’चं वर्तमानातलं रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा आणि मूळ क्रियापद ‘आर’ने संपतं त्या ‘आर’ गटाला ‘ए’चे, ‘एर’ आणि ‘ईर’ गटांना ‘आ’चे प्रत्यय लावा. आब्लोचं (मी बोलते) आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेन. कोमोचं कोमा, कोमास. याचा मोठा फायदा असा, की वाकडी वाटणारी क्रियापदंही याच वाटेने सरळ होतात : तेंगो–तेंगा, आगो–आगा, दिगो–दिगा, साल्गो–साल्गा. ‘बुस्कार’चं ‘बुस्के’ होताना कानाला काहीच खटकत नाही, फक्त लिहिताना ‘क’चा उच्चार टिकवायला सीच्या जागी क्यू-यू येतं.

‘आम्ही’च्या रूपाकडे मात्र लक्ष द्या. ‘पेन्सार’चं (विचार करणं) प्येन्से, पण पेन्सेमोस. ‘दोर्मीर’चं (झोपणं) द्वेर्मा, पण दुर्मामोस. ‘ईर’ गटातल्या अशा क्रियापदांत ‘आम्ही’लाही स्वर बदलतो, ‘आर’ आणि ‘एर’ गटांत तो मूळचाच राहतो. लेखी परीक्षेत मुलं इथे हमखास गुण घालवतात.

नियमाबाहेर उरतात फक्त सहा क्रियापदं, ज्यांचं ‘यो’चं रूप ‘ओ’ने संपतच नाही : सोय, एस्तोय, बोय, दोय, से, ए. त्यांची सेआ, एस्ते, बाया, दे, सेपा, आया ही रूपं पाठच करावी लागतील. तुम्ही ती ऐरोली ते ठाणे प्रवासात मोठ्याने म्हणा, कुणी बघितलं तर बघू दे.

प्रश्न : ‘असं होवो’ या अर्थाच्या ‘ओहाला’नंतर ‘के’ लावायचा की नाही?
– एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : दोन्ही चालतं. ‘ओहाला युएबा’ म्हणा किंवा ‘ओहाला के युएबा’, पाऊस पडो असाच अर्थ. ‘के’ गाळला तरी क्रियापद सब्जंक्टिवमध्येच हवं, ‘युएबे’ म्हणू नका.