समरला सेल्स मिळालंय? मग हे वाच

एमबीएच्या समर इंटर्नशिपला एफएमसीजीत, म्हणजे साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तूंच्या कंपनीत, सेल्स मिळालं म्हणून तोंड पाडू नकोस. एप्रिल-मेच्या उन्हात सोलापूरच्या गल्ल्या तुडवायच्या म्हणजे जीव जातो, मान्य. पण एसीत बसून एक्सेल भरणाऱ्यांपेक्षा तुझ्याकडे सांगायला जास्त असेल.

पहिला आठवडा सेल्समनच्या गाडीवर मागे बस आणि गप्प राहा. मार्केटिंगचे '४ पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) त्याला ऐकवू नकोस. मी तिसऱ्याच दिवशी एका किराणावाल्याला म्हणालो, "डिस्प्ले वाढवा, खप वाढेल." त्याने काउंटरखालून खोकं ओढलं. आत मुदत संपलेले बिस्किटांचे पुडे, दोन तर उंदराने कुरतडलेले. "हे आधी परत न्या, मग डिस्प्लेचं बघू."

कंपनीच्या हिशेबात हा माल कधीच विकला गेलेला! डिस्ट्रिब्युटरला बिल झालं की प्रायमरी सेल, त्याच्याकडून दुकानात गेला की सेकंडरी. गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडला का, हे दोन्हींत दिसत नाही. महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल ढकलतात, तो असा काउंटरखाली साचतो. माझा प्रोजेक्ट त्या खोक्यातूनच निघाला.

गाइड भेटत नाही म्हणून रडू नकोस, दर शुक्रवारी चार ओळींची मेल टाक. पीपीओचं, म्हणजे इंटर्नशिपवरून मिळणाऱ्या पक्क्या नोकरीच्या ऑफरचं, आठव्या आठवड्यात बघू. कॉलर असलेले सुती शर्ट घे, ब्लेझर घरीच ठेव. आणि डिस्ट्रिब्युटरच्या मुनीमजींनी चहा विचारला तर नाही म्हणू नकोस. कोणाची उधारी किती थकलीय, ते तिथेच कळतं.