वाचकांचे प्रश्न: एका दिवसात रोटेनबुर्ग, तेही पायी

मुलांकडे जर्मनीला निघालेल्या वडोदऱ्यातल्या काही वाचकांनी बव्हेरियातल्या रोटेनबुर्ग ओब डेर टाउबर या तटबंदीच्या गावाबद्दल विचारले आहे. मिळते-जुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

मुलगा न्यूर्नबर्गला असतो. तो कामावर गेल्यावर आम्ही दोघेच रोटेनबुर्गला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकू का? जर्मन येत नाही. (एक दाम्पत्य, दांडिया बाजार)

येऊ शकाल. भाषेमुळे अडत नाही. अडते ते गाडी बदलताना. न्यूर्नबर्गहून आन्सबाख, तिथून श्टाइनाख आणि तिथून रोटेनबुर्ग, असा साधारण दीड तासाचा प्रवास आहे. श्टाइनाखहून सुटणारी गाडी छोट्या फाट्यावरची; चौदा-पंधरा मिनिटांत शेवटच्या स्थानकावर सोडते. ती साधारण तासाला एक असते आणि गाडी बदलायला वेळ थोडाच मिळतो. मागची गाडी लेट झाली तर श्टाइनाखच्या फलाटावर तासभर बसावे लागेल हे धरूनच निघा. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच लिहून घ्या.

तिकीट ‘बायर्न टिकेट’चे, म्हणजे बव्हेरिया राज्यापुरते दिवसाचे तिकीट, काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येते आणि माणसे वाढतील तसा माणशी खर्च उतरतो. नियम तीन. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालते. नऊच्या आधी सुटणाऱ्या गाडीत बसलात तर विनातिकीट धरतात. आयसीई किंवा आयसी या जलद गाड्यांत ते चालत नाही. आणि तिकिटावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. कोरे तिकीट दाखवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. फ्रँकफर्टहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की फ्रँकफर्ट बव्हेरियात नाही, त्यामुळे हे तिकीट तिथून लागू होत नाही. त्यांनी वुर्त्सबुर्गपर्यंत वेगळे तिकीट काढून पुढे श्टाइनाखमार्गे यावे.

आणखी एक गफलत नेहमी होते. रोटेनबुर्ग नावाची किंवा त्याच्या अगदी जवळच्या नावाची गावे जर्मनीत अनेक आहेत: एक फुल्डा नदीवर, एक वुमे नदीवर, शिवाय नेकार नदीवरचे रॉटेनबुर्ग. श्टाइनाखही एकाहून जास्त. यंत्रावर पहिली चार अक्षरे टाकून जे वर येईल ते दाबू नका. नावात ‘टाउबर’ हवेच.

गावात कुठून कुठे चालावे? एक-दोन फोटो काढून परतायचे नाही, पण तीच वाट दोनदाही नको. (एक वाचिका, रावपुरा)

बहुतेक लोक स्टेशनवरून थेट चौकात जातात, तिथून प्लोनलाइन या प्रसिद्ध कोपऱ्यावर फोटो काढतात आणि आल्या वाटेने परततात. अशाने तट बघायचा राहतो, आणि या गावात बघण्यासारखा आहे तो तटच. म्हणून सुरुवात तटापासून करा. पूर्ण फेरी साधारण सहा किलोमीटरची होते. थांबत-बघत सहा तास धरा.

स्टेशनवरून दहा मिनिटांत रोडर दरवाजा येतो. आत शिरल्यावर लगेच तटावर चढायचा जिना आहे. वरची फांजी (तटावरची चालायची वाट) छप्पर असलेली आहे, त्यामुळे पावसातही चालता येते. शुल्क नाही. एका बाजूला जंग्या (मारा करायची भोके), दुसऱ्या बाजूला गावाकडे लाकडी कठडा. वाट अरुंद आहे. समोरून कोणी आले की अंग चोरावे लागते. काही ठिकाणी तुळया इतक्या खाली आहेत की उंच माणसाचे कपाळ हमखास आपटते. जिने मुख्यतः दरवाजांपाशीच आहेत, मध्येच कंटाळा आला म्हणून उतरता येत नाही.

रोडर दरवाजावरून उत्तरेकडे निघा आणि गाल्गन दरवाजावरून क्लिंगन दरवाजापर्यंत जा. वाटेत भिंतीत बसवलेल्या दगडी पाट्यांवर देशोदेशीची नावे दिसतील, जपानी पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धानंतर तट पुन्हा उभारायला ज्यांनी पैसे दिले त्यांची ती नावे.

क्लिंगन दरवाजाशी उतरून क्लिंगनगासे या गल्लीने सेंट याकोब चर्चकडे या. ही गल्ली चर्चच्या पश्चिम टोकाखालून जाते, रस्ता बंद होऊ नये म्हणून इमारतच वरून नेलेली. आत तिकीट आहे, पण इथे कंजुषी नको. शिल्पकार टिलमान रीमनश्नायडरने 1500 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लिंडेन लाकडात कोरलेली ‘पवित्र रक्ताची वेदी’ वरच्या पश्चिम गॅलरीत आहे. लोक खालची मुख्य वेदी बघून निघून जातात आणि जिना चुकवतात. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या या दृश्यात मध्यभागी येशू नाही, त्याचा विश्वासघात करणारा शिष्य यहूदा आहे. लाकडाला रंग दिलेला नाही. मागच्या बारीक खिडक्यांतून येणारा उजेड बदलला की चेहरेही बदलतात, तेव्हा दहा मिनिटे तरी बसा. खालच्या मुख्य वेदीच्या पाठीमागेही जा. 1466 मध्ये फ्रीडरिश हेर्लिनने रंगवलेल्या फळ्यांवर याच गावाचा चौक आहे, 1501 च्या आगीत नगरभवनाचा एक भाग जळण्याआधीचा.

मग तो चौक प्रत्यक्ष बघा. तिथल्या जुन्या मद्यगृहाच्या घड्याळाशेजारच्या दोन खिडक्या तासाच्या ठोक्याला उघडतात. एकीत तीस वर्षांच्या युद्धात गावावर चालून आलेला कॅथलिक सेनापती टिली, दुसरीत इथला नगराध्यक्ष नुश. 1631 मध्ये नुशने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवले, अशी कथा. टिलीने गाव घेतले हा इतिहास. वाइनचा भाग दंतकथा. खेळ इतका छोटा आहे की त्यासाठी अर्धा तास ताटकळू नका. तास भरत आलाच असेल तर थांबा.

चौकातून हेर्नगासेने पश्चिमेला बुर्ग दरवाजा. त्याच्या मोठ्या दारातला दिंडी दरवाजा एका वेळी एकच माणूस आत येईल एवढा आहे. वरच्या दगडी मुखवट्याच्या तोंडातून शत्रूवर उकळते डांबर ओतत. पलीकडे बाग आहे, तिथे पूर्वी होएनश्टाउफेन राजांचा किल्ला होता. तो 1356 च्या भूकंपात पडला आणि एक चॅपेल तेवढे राहिले. बागेतला स्मारकदगड 1298 मध्ये इथे मारल्या गेलेल्या ज्यूंचा आहे, तोही वाचा. कठड्यापाशी उभे राहिले की टाउबरची दरी आणि वळसा घेतलेले दक्षिणेकडचे गाव एका नजरेत येते. डबा खायला ही जागा चांगली.

परत येताना बुर्गगासेत मध्ययुगीन गुन्हे-शिक्षा संग्रहालय आहे. कायद्याची आवड असेल तर दीड तास जातो. बरोबर लहान मुले असतील तर वगळा. पुढे श्मीडगासेने दक्षिणेकडे उतरले की प्लोनलाइन, म्हणजे रस्ता जिथे दोन फाट्यांत फुटतो तो कोपरा. डावीकडे वर झीबर्स मनोरा, उजवीकडे खाली कोबोल्त्सेल दरवाजा, मध्ये पिवळे तिरके घर. कॅमेरा दक्षिणेकडे असतो, म्हणून भर दुपारी ऊन थेट समोरून येते आणि घर काळे पडते. चारनंतर बसचे गट ओसरतात, तेव्हाच इथे या.

श्पिटाल दरवाजाच्या बुरुजापर्यंत जाऊन पुन्हा तटावर चढा आणि रोडर दरवाजापर्यंत वरूनच चाला. फेरी पुरी झाली, स्टेशन समोर.

गुडघ्यांचा त्रास आहे. झेपेल का? (मांजलपूर)

गाव झेपेल, तट नाही. गल्ल्यांत सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, ओली झाली की निसरडी. कडक तळव्याचे बूट लवकर थकवतात. रबरी तळव्याचे, घोट्याला धरणारे घाला. नगरभवनाच्या मनोऱ्याचा हट्ट सोडा: दोनशेहून जास्त पायऱ्या आणि शेवटी शिडीवजा चढ. चौक, चर्चचा खालचा भाग, बाग आणि प्लोनलाइन एवढे आरामात होते. बागेतून दरीत उतरणारी वाट मात्र टाळा, कारण परतताना तेवढेच चढायचे असते.

आम्ही अंडेही खात नाही. काय मिळेल? (कारेलीबाग)

फारसे नाही, तेव्हा डबा न्या. दुकानांत दिसणारा ‘श्नेबाल’ म्हणजे कणकेच्या पट्ट्या गोळा करून साच्यात तळलेला मुठीएवढा गोळा, वर पिठीसाखर. चव गोड शंकरपाळ्याच्या आसपास, पण पिठात अंडी असतात आणि पुष्कळदा थोडी ब्रँडीही. चीजचे श्पेत्सले शाकाहारी म्हणून विकतात. त्या शेवयांतही अंडे. बटाट्याच्या सूपमध्ये आणि सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे सहज सापडतात. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने आय’ (मांस, बेकन, अंडे नको) हे कागदावर लिहवून घ्या. ब्रेत्सेल पाव बरा, पण काही बेकऱ्या त्यात चरबी घालतात, विचारून घ्या.

वडोदऱ्याहून नेताना कोरडे ठेपले, खाकरा, चटणी चालते. पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका; युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे. केसर आंब्याची पेटीही विमानतळावरच राहील, कारण आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. रविवारी सुपरमार्केट बंद असतात. त्या दिवशी जायचे असेल तर पाणी आणि फळे शनिवारीच घ्या. प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, फेकू नका. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात असू द्या.

हे गाव युद्धात पडले होते आणि सगळे नवे आहे असे ऐकले. मग बघायचे काय? (एक वास्तुविद्येचा विद्यार्थी)

अर्धसत्य आहे. 31 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा सुमारे 40 टक्के भाग गेला, तो प्रामुख्याने पूर्वेचा. पुढचा तोफमारा टळला, त्यात अमेरिकेचे युद्ध खात्याचे सहसचिव जॉन मॅक्लॉय यांचा हात होता. रोडर ते क्लिंगन चालताना तटावरून आत बघा: घरे जुन्या मापात, पण भिंती साध्या, लाकडी सांगाडा क्वचितच दिसतो. ती युद्धानंतरची. चौकाच्या पश्चिमेला आणि प्लोनलाइनकडे जुने गाव बरेचसे टिकले आहे.

तट उरला याचे कारण गरिबी. 1274 मध्ये थेट सम्राटाच्या अखत्यारीतले शहर झालेले हे गाव तीस वर्षांच्या युद्धानंतर खंगले. व्यापार दुसरीकडे गेला, नवे बांधायला किंवा जुने पाडायला पैसाच नव्हता, आणि 1802 मध्ये ते बव्हेरियात गेले तेव्हाही कोणाला तट अडचणीचा वाटावा एवढी वाढ झालेली नव्हती. आपल्याकडे मांडवीभोवती लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट हे दरवाजे राहिले आणि तट गेला, कारण शहर वाढत गेले.

रात्रीच्या पहारेकऱ्याची फेरी एका दिवसात बसते का?

पहारेकऱ्याच्या वेशातला वाटाड्या गाव दाखवत नेतो, ती इंग्रजी फेरी रात्री आठला चौकातून निघते, हिवाळ्याचे काही आठवडे सोडून. ती करायची तर मुक्काम करा. शेवटच्या गाडीची घाई डोक्यात ठेवून ऐकण्यात मजा नाही.

रोटेनबुर्ग बघितले आहे. त्याच धर्तीचे दुसरे कोणते?

नोर्डलिंगन. तिथल्या तटावरून 2.7 किलोमीटरची अखंड फेरी मारता येते आणि पर्यटक कितीतरी कमी. गाव सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताच्या विवरात वसले आहे. चर्चच्या ‘डानिएल’ मनोऱ्यावरून विवराची कडा दिसते. डोनाउव्होर्टला गाडी बदलून जाता येते, बायर्न टिकेट तिथेही चालते.