मांजराला कोणती झाडे आणि कोणते पदार्थ घातक ठरतात?

तुम्ही विचारले आहे की, घरात नुकतेच मांजराचे पिल्लू आणले आहे, गॅलरीत मनी प्लांट, कोरफड आणि गुलाब आहेत, आणि त्याला घरचेच जेवण द्यायचे आहे. तर कोणत्या कुंड्या हलवाव्यात आणि ताटातले काय देऊ नये. मी सोलापुरात बरीच वर्षे मांजरे पाळत आलो आहे, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत जे हमखास आढळते त्याविषयीच लिहितो.

गुलाब खुशाल राहू द्या. मनी प्लांटचे पान चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते आणि उलटी होते. जिवावर सहसा बेतत नाही, पण कुंडी उंचावर टांगावी. कोरफडीनेही उलट्या-जुलाब होतात, म्हणून तीही हलवावी. खरी भीती लिलीची आहे. वाढदिवसाच्या पुष्पगुच्छातून ती घरात येते, आणि तिचे पान, पाकळी, परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांवर घाला घालते. फुलाजवळून जाताना तिचे तांबूस पराग अंगाला लागतात, मांजर सवयीप्रमाणे अंग चाटते आणि तेवढे विषही पुरेसे ठरते. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग ते थोडे सावरल्यासारखे वाटते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. मांजर असलेल्या घरात लिली आणूच नये, असे माझे ठाम मत आहे. उन्हात तग धरते म्हणून आपल्याकडे कुंपणाला सर्रास लावली जाणारी कण्हेर हृदयावर परिणाम करते, आणि बंगल्यांच्या अंगणात शोभेसाठी लावलेला, ताडासारखा दिसणारा सायकस, विशेषतः त्याच्या बिया, यकृताचा नाश करतो.

जेवणाच्या बाबतीत मुख्य अडचण कांदा-लसणाची आहे, आणि सोलापूरच्या स्वयंपाकात तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. शेंगाचटणीत लसूण असतो, मटणाच्या रश्श्यात दोन्ही असतात, आणि शिजवल्याने, वाळवल्याने किंवा पूड केल्याने त्यांचा दोष जात नाही. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. दर किलो वजनामागे सुमारे ५ ग्रॅम कांदा अपाय करू शकतो, म्हणजे तीन किलोच्या मांजराला जेमतेम १५ ग्रॅम, आणि पिल्लाला त्याहूनही कमी. लसूण तर कांद्यापेक्षा तीव्र. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तेव्हा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात: त्या गुलाबीऐवजी फिकट दिसल्या किंवा लघवी गडद झाली, तर थांबू नये. रश्श्यातला तुकडा धुऊन देण्यापेक्षा कोंबडीचा एखादा तुकडा मीठ-मसाल्याशिवाय आधीच वेगळा उकडून ठेवावा, आणि शिजलेले हाड कधीच देऊ नये, कारण ते टोकदार फुटते.

दूध-भाकरीवर पिल्लू वाढत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. मांजराला टॉरिन हे अत्यावश्यक पोषकद्रव्य मांसातूनच मिळते. ते कमी पडले तर दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना गाईम्हशीचे दूध पचत नाही. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि चहा-कॉफी टाळावीच.

तुम्ही विचारले नसले तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: अंग गरम लागले म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. ते औषध निकामी करण्याची क्षमता त्याच्या यकृतात अत्यंत कमी असते, आणि ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

पिल्लाने काही खाल्ल्याचा संशय आला, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. चावलेले पान किंवा गोळीचे पाकीट सोबत घ्या, खाल्ल्याची अंदाजे वेळ लक्षात ठेवा आणि थेट पशुवैद्याकडे जा. काय खाल्ले हे कळले की त्यांना उपचार लगेच सुरू करता येतात.