ट्रेकिंगच्या ग्रुपपुढं जाहीर करून वजन उतरवायला घेतलं तर खरंच फायदा होतो का?

सांगा की. पण आकडा सांगू नका. त्यांनी तुमच्यासाठी काय करायचं, ते सांगा.

तुम्ही लिहिलंय, वजन 112, वय 38, राहणार निपाणी. दर रविवारी एका ग्रुपबरोबर डोंगरात जाता आणि सगळ्यांपुढं ‘वर्षात 30 किलो उतरवतो’ असं जाहीर करायचा विचार आहे. मित्र म्हणतोय, जाहीर कर, चारचौघांत लाज जाईल म्हणून तरी करशील. किती महिने लागतील तेही विचारलंय. महिन्यांचं मागाहून बोलू. आधी तुमच्या त्या मित्राशी बोलायचंय, कारण असाच एक मित्र माझ्या घरात आहे. नात्यानं दाजी.

माझं वजन एकेकाळी 121 होतं. आता 90 च्या आसपास असतं, गणपतीत थोडं वर जातं, पुन्हा खाली येतं. बेळगावात इलेक्ट्रिकचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर स्टुलावर बूड टेकून ‘वायर किती मीटर देऊ’ विचारायचं. दाजी आयुष्यभर हायस्कुलात पीटीचे मास्तर. अंगानं काटक, आवाज खणखणीत, आणि माणूस चिडवल्याशिवाय हलत नाही हे त्यांचं ठाम मत. लग्न असो, बारसं असो, मी मांडवात शिरलो की यांचं सुरू, “याला दोन खुर्च्या लावा रे!” सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि पंगतीत एक जिलेबी जास्त घ्यायचो.

पहिल्यांदा ग्रुपबरोबर गेलो ते देवरवाडीच्या वैजनाथाला, तिथून वर महिपाळगड. चंदगड तालुक्यातला भाग, पण आम्हा बेळगावकरांना अंगणासारखाच. ग्रुप तरुण पोरांचा, म्होरक्या बोलायला लाघवी. चढ सुरू झाला आणि दहा मिनिटांत मी आणि ते यांच्यात एक वळण पडलं. पुढं दोन वळणं.

जाड माणसाचा डोंगरात खरा छळ कुठं होतो, ते बारीक माणसाला कळत नाही. पुढचे लोक वर जाऊन बसतात, पाणी पितात, फोटो काढतात, ‘आम्ही थांबलोय, ये सावकाश’ म्हणून ओरडतात. तुम्ही धापा टाकत तिथं पोचता आणि ते उठतात. त्यांची विश्रांती झालेली असते. सगळ्यात जास्त दमलेल्यालाच बसायला मिळत नाही, आणि वर त्यांना वाटत राहतं की आपण याच्यासाठी किती थांबलो! दर टप्प्याला हेच. शेवटी एका दगडावर टॉवेल डोक्यावर घेऊन मी बसलोच. म्होरक्यानं तिथला फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली ओळ, ‘जेसीबी पाठवा.’

तो फोटो भाच्याच्या मोबाइलवरून दाजींपर्यंत गेला. रात्री फोन आला. “बरं झालं. आता लाजेनं तरी कमी होशील.”

त्या दिवशी माझ्यासाठी एकच माणूस उतरून मागं आला. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना सुभेदारच म्हणतो. आले, शेजारी बसले. वजनाबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, “मी मागं हाय. तू पुढं चल. पाऊल बारकं टाक आणि माझ्याशी बोलत चल. बोलणं तुटलं की थांबायचं.” मी म्हटलं, सगळे वर पोचले असतील. “पोचू देत की गा. गड कुठं पळून जातोय?”

बोलत बोलत गेलो. दुकान, उधारी, पोराचं ॲडमिशन, त्यांची काश्मीरमधली थंडी. चढावर पूर्ण वाक्य बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे आणि दोन शब्दांवर श्वास तुटतोय म्हणजे जास्त होतंय, एवढं साधं माप. ते मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं, पीटीच्या मास्तरांनीसुद्धा नाही. आम्ही गडावर पोचलो तेव्हा बाकीचे उतरायला लागले होते. सुभेदार निवांत बसले, पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या आणि माझं पुरतं बसून होईपर्यंत उठले नाहीत.

तो ग्रुप मी सोडला. सुभेदारांनीही सोडला. हळूहळू आमचं वेगळंच टोळकं जमलं. बेळगावच्याच शहापुरातला एक तांदळाचा व्यापारी, एक नर्सबाई, आणि एक कन्नड मास्तर, जो मराठीत शिव्या आमच्यापेक्षा झकास देतो. या लोकांनी माझं वजन उतरवलं असं मी म्हणणार नाही, घाम माझाच होता. पण त्यांच्यावाचून तो घाम निघाला नसता, हेही तितकंच खरं.

आता मुद्द्यावर येतो. त्यांना मी ‘तीस किलो उतरवतो’ असं कधीच सांगितलं नाही. आकडा जाहीर केला की लोक टाळ्या वाजवतात, तुम्हाला त्याच दिवशी काहीतरी करून दाखवल्यासारखं वाटतं, आणि तिसऱ्या आठवड्यात काटा हलला नाही की तुम्ही तोंड चुकवायला लागता. मी मागितलं ते वेगळं होतं. पहाटे साडेपाचला आमच्याकडं ‘दुसरं रेल्वे गेट’ म्हणतात तिथं कुणीतरी एक जण उभा राहायला हवा, एवढंच. तिथून व्हॅक्सिन डेपोच्या मोठ्या आवारात झाडांखाली तासभर चालणं. डिसेंबरातली बेळगावची थंडी तुम्हाला माहीत आहे. त्या थंडीत माझी इच्छाशक्ती पांघरुणातच राहायची, पण साठी ओलांडलेला माणूस कानटोपी घालून गेटपाशी उभा आहे हे आठवलं की पाय आपसूक खाली यायचे. दाजी म्हणतील, ही लाजच. नाही. लाजेनं माणूस लपतो. मी लपलो नाही, गेलो.

रविवारी बेळगावजवळच्या येळ्ळूरहून राजहंसगडाचा किल्ला. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे म्हणून ट्रेकर मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत. शंभरीपार माणसाला सुरुवातीला डांबरीच बरी, घसरत नाही आणि नको वाटलं तर मागं फिरता येतं. आमचा नियम असा की सगळ्यात हळू चालणारा पुढं, वेग त्याचा, आणि सुभेदार शेवटी. थांबायचं ते सगळ्यांनी एकदम थांबायचं, उठायचंही एकदम. तुमच्या ग्रुपकडून हे एवढं एक मागून घ्या. देत नसतील तर तो ग्रुप सोडा, मग त्यांचे फोटो कितीही देखणे येत असोत.

दुसरं मागणं नाश्त्याचं, आणि इथं भांडण झालं. 115 किलोचा माणूस सपाटीवर बऱ्यापैकी वेगानं तासभर चालला तर खर्च होतात साधारण 400 कॅलरी. आणि आपली रीत काय? खाली उतरलं की हॉटेल. पुरी-भाजी, वर शिरा, त्यावर दोन गोड चहा, शिवाय ‘आज चाललोय, आज चालतंय’. चारशे तिथंच फिटतात, वर उधारी चढते. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज साडेपाचशेची तूट हवी, आणि रविवारच्या एका नाश्त्यात तुमची दोन दिवसांची तूट पुसली जाऊ शकते. वजन डोंगरात कमी होत नाही हो, ताटात होतं. डोंगरानं पाय, छाती आणि झोप सुधारते, आणि ताट आवरायला माणूस शुद्धीवर राहतो. मी सरळ सांगितलं, तुम्ही हॉटेलात जाणार असाल तर मी गाडीत बसतो. कन्नड मास्तर चिडला, त्याचा डोसा गेला. पण पुढच्या रविवारपासून डबे आले. मटकीची उसळ, उकडलेली अंडी, काकडी, ताक, एखादी भाकरी.

भाकरीवरून आठवलं. ‘चपाती सोड, ज्वारी खा, आपोआप उतरेल’ हा दाजींचाच सल्ला, आणि सीमाभागात तो गल्लोगल्ली मिळतो. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, 100 ग्रॅमला कॅलरी जवळपास सारख्याच, 330-350 च्या घरात. भाकरीनं पोट लवकर भरतं हे खरं, मीही तीच खातो. पण तीन मोठ्या भाकऱ्या, त्यावर तेलाची धार सोडलेली शेंगाचटणी, आणि म्हणायचं मी डाएटवर आहे, असं चालत नाही. पिठाचा प्रकार सोडा, भाकऱ्या मोजा. डाळ, उसळ, अंडी, मासे वाढवा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, घरात आणूच नका. पाहुण्यांनी आणला तर शेजारी द्या, शेजारीही खूश.

वजन करायचो व्यापाऱ्याच्या गोदामात, पोत्यांच्या काट्यावर, महिन्यातून एकदा. घरच्या काट्यावर रोज चढणं हा रोग आहे. पहिल्या दोन आठवड्यांत दोन-तीन किलो झपकन जातात, ते बहुतेक पाणी असतं. त्यावर पार्टी करू नका. पुढं काटा अडतोच. माझा असा अडला की हमालसुद्धा विचारायला लागला, “शेठ, आज काय?” त्या काळात नर्सबाईंनी काट्याला सुट्टी दिली आणि कंबर मोजायला लावली. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची 80. वजन जागचं हललं नव्हतं, पण पट्ट्याचं भोक सरकलं होतं. एकटा असतो तर त्या महिन्यांत मी सोडून दिलं असतं, यात मला शंका नाही.

आणि दाजी काय म्हणतात? आता प्रत्येक लग्नात मला पुढं ओढून सांगतात, “बघा, मी बोलून बोलून याला बारीक केला!” याचंच उत्तर मला कधी तोंडावर देता आलं नाही, नातं आडवं येतं, बहीण डोळे वटारते. म्हणून इथं देतो. चिडवून वजन उतरत असतं तर मी दहावीतच काटक झालो असतो. शाळेत चिडवलं, कॉलेजात चिडवलं, तुम्ही मांडवात चिडवलं, आणि त्या सगळ्या वर्षांत वजन फक्त वाढलं. जिलेबी मी तुमच्या विनोदावरच खात होतो. ज्या माणसानं एकदाही वजनाचा विषय काढला नाही त्याच्या सोबतीत ते उतरलं. पीटीच्या तासाला तुम्ही जाड पोरांना मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावायचात. त्यातलं किती जण आज स्वतःहून चालायला जातात, ते एकदा विचारून बघा.

असो. तुमच्या महिन्यांचं. आठवड्याला अर्धा ते एक किलो ठीक, 112 वर सुरुवातीला एक जाईल, पुढं अर्ध्यावर येईल, मध्येच अडेल. तीस किलोला दीड ते दोन वर्षं धरा. वर्षात होईल म्हणणाऱ्याला फार विचारत बसू नका, आणि फार भराभर उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, तेही लक्षात ठेवा. पहिलं लक्ष्य 30 ठेवू नका, 8-10 ठेवा. वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी शुगर, बीपीत फरक दिसायला लागतो.

गुडघे चढताना नाही, उतरताना जातात. दोन काठ्या घ्या, कुणी हसलं तर हसू दे. एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं उतरतो, म्हणजे पहिल्या दहा किलोंनंतर तुम्हाला डोंगर वेगळाच लागेल. चंदगडकडच्या पारगड किल्ल्याच्या तीनशेहून जास्त पायऱ्या तोवर राहू द्यात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं जायचा मोह होतो, पण निसरड्यावर शंभर किलो पडले की उचलायला चार माणसं लागतात. त्या दिवसांत घरचा जिना बरा.

हे आधी लिहायला हवं होतं, आता लिहितो. चढ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरकडं जा. शुगर, बीपी, थायरॉइड, आणि झोपेत घोरून दचकून उठत असाल तर तेही सांगा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी आणि चालणं जास्त झाल्यावर डोस बदलावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली येऊन चढावरच चक्कर येते. छातीत दाबल्यासारखं झालं तर सुभेदारांचं बोलायचं माप विसरा, तिथंच बसा आणि ग्रुपला सांगा.

निपाणीत रोजचा माणूस मात्र गल्लीतलाच शोधा. रविवारचा ग्रुप लांबचा असला तरी चालतो, पण पहाटे साडेपाचला कोपऱ्यावर उभा राहायला कुणी दुसऱ्या गावाहून येत नाही. आणि त्या मित्राला सांगा, लाज वगैरे राहू दे, उद्या बूट घालून ये.