‘संकरित’ मूल? आधी अमरकोशातली केरसुणी बघा

प्रश्न असा आहे: पुण्यात वाढणाऱ्या एका मुलीवर चित्रपुस्तक लिहिलं जातंय. आई मराठी, बाबा केनियाचे. ‘मिक्स्ड रेस’ला ‘संकरित’ म्हणावं की ‘मिश्रवंशीय’? ‘अर्धी मराठी, अर्धी केनियन’ चालेल का? आणि मुलीचा रंग ‘निमगोरा’ लिहावा की ‘सावळा’?

‘संकरित’ अजिबात नको. ज्वारी संकरित असते, गाय संकरित असते, मका तर हटकून असतो. माणसाचं पोर संकरित नसतं. तरीही हा शब्द शिकल्यासवरल्या तोंडांतून ऐकू येतो, वर ‘शास्त्रीय’ म्हणून त्याची भलामणही होते. मूळ शब्द संकर: सम् अधिक कॄ, म्हणजे एकत्र विखुरणं, ओतणं, इथवर ठीक. पण अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडा. ‘संमार्जनी शोधनी’ ही केरसुणीची नावं दिली की लगेच ‘संकर’ आणि ‘अवकर’ येतात: झाडून काढलेला केर! त्यातून वाचलात तर गीतेच्या पहिल्याच अध्यायात ‘संकरो नरकायैव’ आहेच. कचरा आणि नरक मागे घेऊन येणारा शब्द चार वर्षांच्या मुलीला कशाला चिकटवायचा? युरोपीय भाषांनीही हेच करून ठेवलंय. ‘मुलाटो’चं मूळ बहुतेक कोश खेचराच्या नावात दाखवतात. गोठ्यातली भाषा घरात आणायची खोड आपल्या एकट्याची नव्हे.

‘मिश्रवंशीय’ चूक नाही, पण तो शिरगणतीच्या तक्त्यात शोभतो. (मिश्र आणि मिसळ एकाच घरातले. त्यावरचा विनोद पुण्यात कुणीतरी करणारच, तो पुस्तकात तरी नको.) चित्रपुस्तक मोठ्याने वाचायचं असतं. तिथे ‘आई साताऱ्याची, बाबा मोम्बासाचे’ एवढं म्हटलं की काम झालं. नामाची गरजच उरत नाही.

आता ‘निमगोरा’. हा शब्द प्रश्नात पाहून फार बरं वाटलं.

यातला ‘निम’ कडुनिंबाचा नाही आणि ‘निम्न’चाही नाही. ‘निम्न’शी नातं जोडण्याचा मोह होतो, कारण गोऱ्याच्या खालचा तो निमगोरा असा अर्थ आयता बसतो. पण मग निमसरकारी म्हणजे सरकारच्या खालचं आणि निमशहरी म्हणजे शहराच्या तळघरातलं म्हणायचं का? निम म्हणजे अर्धा, फारसी ‘नीम’. आपला निम्मा त्यातूनच आला, निमपट, निमलष्करी हेही. हिंदीतल्या ‘नीम हकीम’ला लिंबाच्या झाडाखाली बसवणाऱ्यांनीही याची नोंद घ्यावी: तो अर्धवट वैद्य आहे. आणि जामानिमा! जामा हा लांब अंगरखा, निमा हे त्याच्यासोबतचं आखूड, अर्ध्या मापाचं वस्त्र. ‘सगळा जामानिमा करून’ निघालेल्या माणसाच्या अंगावर एक अर्धं असतंच.

‘निम्मा’तला दुहेरी म कुठून आला? माझं अनुमान असं, की तो वाटणीच्या ठेक्यातून आला. ‘निम्मं तुला, निम्मं मला’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जो जोर बसतो, त्याने म दुणावला. कुणाला पटो न पटो.

फारसी म्हटल्यावर भाषाशुद्धीचे अभिमानी सरसावतात: निम हाकला, ‘अर्ध’ आणा. त्यांनी जरा मागे जावं. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, ‘नएम’ आहे, अर्थ अर्धा. ऋग्वेदात ‘नेम’ आहे. यास्क निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, सांगतो, ‘त्वो नेम इत्यर्धस्य’, म्हणजे त्व आणि नेम हे अर्ध्याचे शब्द. पाणिनीच्या 1.1.33 या सूत्रात, प्रथम, चरम, अल्प, अर्ध, कतिपय यांच्या रांगेत, नेम शेवटी बसलाय. गंमत म्हणजे प्रथमेच्या अनेकवचनात त्याला सर्वनामपण (म्हणजे सर्वनामासारखं रूप) विकल्पाने मिळतं: ‘नेमे’ही चालतं, ‘नेमाः’ही. अर्धा या अर्थाचा शब्द, आणि व्याकरणही त्याला अर्धामुर्धाच सर्वनाम मानतं! (आपला ‘नेमाने’मधला नेम मात्र नियमातून आलेला, वेगळा.) मराठीत निम फारसीतून आला हे खरंच, संस्कृतातून थेट उतरला असा दावा नाही. पण ज्याला परका म्हणून हाकलायचं, तो वेदातल्या शब्दाचा चुलतभाऊ निघतो. ‘अर्ध’ आणून शुद्धी होत नाही, भाऊबंदकी होते.

आणि निमगोरा बघा: निम फारसीकडून, गोरा संस्कृत ‘गौर’कडून. दोन घरांच्या मुलीसाठी विचारलेला शब्द स्वतःच दोन घरांचा आहे.

एवढं सांगूनही पुस्तकात तो वापरू नका. निमगोरा गोऱ्याला माप धरून मोजतो, उरलेला अर्धा भाग म्हणजे कमतरता. ‘रंग जरा कमी आहे’ या लग्नाळू वाक्यात हाच उलटा हिशोब आहे. कातडीत मेलॅनिन जास्त असलं की आपण रंग ‘कमी’ म्हणतो! ‘अर्धी मराठी, अर्धी केनियन’चं दुखणंही तेच. जपानमध्ये अशा मुलांना ‘हाफू’, म्हणजे हाफ, म्हणतात. काही पालक अट्टहासाने ‘डबल’ म्हणतात. मराठीत ‘मराठी आणि केनियन’मधला ‘आणि’ पुरे.

तेव्हा ‘सावळी’. श्यामलचा सावळा. दोन स्वरांमधला म मराठीत व होतो: ग्रामचा गाव, नामचा नाव, कोमलचा कोवळा, आमलकचा आवळा. हा रंग कशाच्या अर्ध्यात मोजलेला नाही, आणि विठोबाने तो मिरवून ठेवलाय. फक्त ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ लिहू नका. हस्तलिखितात रंगाच्या शब्दानंतर ‘पण’ आलाय का ते शोधा, आला असेल तर खोडा. बाबा सावळे नसून काळे असतील, तर सरळ ‘काळे’ लिहा. तिथे ‘सावळे’ म्हणणं हा सभ्यपणाचा आव आहे, मूल चित्राकडे बघून तो लगेच पकडतं.

खाद्यपदार्थांच्या उपमा (चॉकलेट, कॉफी) टाळाव्यात असं हल्ली म्हणतात, ते पटण्यासारखं आहे. पण मग ‘गव्हाळ’ही धान्यच, आणि ‘तपकिरी’ तर नाकात ओढायच्या तपकिरीवरून आलेला. ते दोन्ही रुळलेत, वापरा. सोय अशी की गव्हाळ, तपकिरी लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, आणि सावळा-सावळी-सावळं बदलतो. यमक जुळवताना आधी हे तपासा.

शब्द आणि छपाई जुळते का, हेही बघा. बत्तीस पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे. दोन्हींत शाईचं प्रमाण सारखं नसेल, तर पान 6 वरची सावळी पान 20 वर राखाडी होते. त्वचेच्या तपकिरीत निळी शाई (सायन) थोडी जरी चढली तरी हिरवट झाक येते. मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद शाई पितो, रंग गडद आणि मंद दिसतो. म्हणून प्रूफ त्याच कागदावर मागा, चकचकीत आर्ट पेपरवरच्या प्रूफवर सही करू नका. चित्रकाराला गडद छटेसाठी काळा रंग घालू देऊ नका, त्वचा मेल्यासारखी दिसते. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळला तर जिवंत गडद येतो. जलरंगात उजळ छटेसाठी पांढरा नको, पाणी वाढवावं. पांढऱ्याने खडूची भुकटी फासल्यासारखं होतं.

राहिला वर्गातला ‘स्किन कलर’चा खडू. फिक्या पीच रंगाला मुलं सर्रास स्किन कलर म्हणतात. क्रेयोला या अमेरिकी खडू कंपनीने त्या खडूचं ‘फ्लेश’ हे नाव 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केलं, आणि 2020 मध्ये त्वचेच्या 24 छटांची पेटी काढली. आपल्याकडच्या बाकांवर जुनंच नाव चालू आहे. तुमच्या पुस्तकात हा प्रसंग असेल तर भाषांतर करू नका, ‘स्किन कलर दे ना’ असंच एका मुलाला म्हणू द्या. शेजारणीने खडूंचा डबा त्याच्यापुढे धरून फक्त विचारावं, ‘कुणाच्या स्किनचा?’