पायाचं सूप आणि कोलॅजन पावडर: खरंच फायदा होतो का?
पायाचं सूप आवडत असेल तर खुशाल प्या, पण गुडघ्यांचं औषध म्हणून नको. त्यातलं कोलॅजन, म्हणजे त्वचा, हाडं आणि सांध्यांत असणारं प्रथिन, जसंच्या तसं सांध्यात जाऊन बसत नाही. पोटात त्याचे अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड असे तुकडे होतात. ते कुठे वापरायचे हे शरीर ठरवतं. शिवाय कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसतं, म्हणजे प्रथिन म्हणूनही अंडं सरस. पावडरीचं म्हणाल तर रोज २.५ ते १० ग्रॅम दोन-तीन महिने घेतल्यावर त्वचेचा ओलावा थोडा वाढल्याचे अभ्यास आहेत, पण त्यातले बरेचसे विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशांवर झालेले! ‘व्हेज कोलॅजन’च्या डब्यात तर बहुधा कोलॅजन नसतंच, क जीवनसत्त्व आणि बायोटिन असतं. क जीवनसत्त्वासाठी आवळा आहे की.