घरी फिल्म धुताना: आधी नियम, मग प्रयोग

फिल्मवर वेगवेगळे प्रयोग करण्याची तुमची उत्सुकता रास्तच आहे. परंतु त्याआधी काही कृष्णधवल रोल अगदी नियमाबरहुकूम धुवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण नेहमीचा परिणाम ठाऊक असल्याखेरीज प्रयोगाचे फळ कोणते आणि निव्वळ बिघाड कोणता, हे ओळखताच येत नाही. इल्फर्ड कंपनीच्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरच्या (प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाच्या) मूळ, म्हणजे आणखी पाणी न मिसळलेल्या द्रावणात २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटे लागतात. तीच फिल्म छायाचित्रे टिपताना १६०० वेग (आयएसओ) धरून वापरली असेल, तर १४ मिनिटे. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच कोमट असते, म्हणून द्रावणाच्या बाटल्या आधी बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात. फिल्म धुण्याची बंद टाकी उलटीसुलटी करून झाल्यावर ओट्यावर हलकेच आपटावी. अन्यथा चिकटलेल्या बुडबुड्यांचे गोल डाग उमटतात.

प्रयोग म्हणून फिल्मवरचा, प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर सुरकुतवायचा असल्यास फिक्सरनंतर (प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणानंतर), उजेडात, फिल्म गरम पाण्यातून थेट बर्फाच्या पाण्यात टाकावी. आजच्या फिल्मचा थर मुद्दाम कठीण केलेला असल्यामुळे ती सहजासहजी दाद देत नाही. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात भिजवल्यास थर फुगून मऊ होतो, मात्र तो सुटून वाहूनही जाऊ शकतो. त्यामुळे पुन्हा टिपता न येणारी छायाचित्रे या प्रयोगासाठी मुळीच वापरू नयेत.